बाईंच्या बंदुकीची नखी

आमच्या बाई बंदुकीला पाणी विचारायच्या.

उन्हातून पाहुणा दारात आला की आपण विचारतो ना, तसंच. "पाणी आणू का?" असं बंदुकीकडं बघून म्हणायच्या, उत्तर आल्यासारखी मान हलवायच्या आणि उठून माठाकडं जायच्या. तांब्या भरून आणायचा, बंदुकीशेजारी बाकावर ठेवायचा आणि आम्हा पोरींना सांगायचं, "गप बसा गं जरा. टेकू द्या त्याला."

आम्ही तोंडात ओढण्या कोंबून हसायचो. सगळ्यात जास्त मी. मी तेव्हा कॉलेजात होते, विषय भौतिकशास्त्र, आणि जगात आता कळायचं फारसं काही उरलेलं नाही अशी माझी ठाम समजूत होती. दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी आणि डोक्यात न्यूटन. आज ती पोरगी समोर आली तर तिच्या दोन्ही वेण्या एकीला एक बांधून खुंटीला अडकवून ठेवीन.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाई. लग्न केलं नव्हतं. पांढरी साडी, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, कमरेला शिट्टी. शाळा सुटली तरी शिट्टी सुटत नसे. भाजीवाल्यालासुद्धा त्या शिट्टीनंच थांबवायच्या. वडील निजामाच्या काळात जंगलखात्यात होते. त्यांची शहराच्या कडेला, गारखेड्याला थोडी जमीन होती. आता तिथं चार मजली अपार्टमेंट आहे, खाली ब्यूटी पार्लर. तेव्हा मात्र रस्ता संपला की ज्वारी सुरू व्हायची, आणि ज्वारीच्या पलीकडं बाईंच्या दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि समोर मातीचा मोठा बांध. त्या बांधावर कागद लावून आम्ही पोरी नेमबाजी शिकायचो.

बंदूक एकच. लहान गोळीची, बोल्टची, विलायती. लाकूड हाताळून हाताळून काळं झालेलं.

या बंदुकीची एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजेल. गोळी झाडली की शिसं पुढं जातं, पण पितळेचं रिकामं काडतूस मागं चेंबरमध्येच बसून राहतं. बोल्ट, म्हणजे मागची सरकती दांडी, मागं ओढला की त्याच्या टोकाला असलेला एक बारीक पोलादी आकडा काडतुसाची कड धरतो आणि त्याला बाहेर खेचतो. त्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. बाई त्याला नखी म्हणायच्या आणि चेंबरला घर. त्यांच्या बंदुकीची नखी कारखान्यातून आली तशीच होती, मूळची. आणि तिच्या मनात येईल तेव्हा ती काडतूस घरातच सोडून यायची. आपण बोल्ट ओढायचा तर हातात काही नाही. वाकून बघायचं तर आत पितळेची कड चमकतेय.

असं झालं की बाई शिट्टी वाजवायच्या. सगळं थांबायचं. मग तो तांब्या.

"बाई, गजानं ढकललं तर लगेच निघेल," मी म्हणायची.

"निघंल की. तुझ्या घरी पाव्हणा आला तर त्यालाबी काठीनं ढकल."

थोड्या वेळानं बाई स्वतः बोल्ट उचलून मागं घ्यायच्या. त्याच नखीत काडतूस अलगद यायचं आणि त्यांच्या तळहातावर पडायचं. ते त्या पदराला पुसून एका जुन्या डब्यात ठेवायच्या. ती काडतुसं वेगळी. बाकीची भंगारात.

बाईंचं सगळंच असं उलटं होतं. रात्री त्या दाराला कडी, कुलूप लावायच्या, वर आतून दगडी पाटा टेकवायच्या. दुपारी मात्र दार सताड उघडं. मी एकदा कारण विचारलं.

"रात्री चोर येतो. माणसं दुपारीच येतात."

मराठवाड्यातली उन्हाळ्यातली दुपार ज्यानं बघितली आहे त्यालाच हे कळेल. रस्त्यावर कुत्रं नसतं. झाडाची सावली झाडाखाली अंग चोरून बसलेली. आवाज म्हणून नाही, आणि लांबवर कुणीतरी चालत येतंय असं वाटतं. बघावं तर उन्हाची लाट नुसती हलतेय. अशा वेळी बाई भिंतीला टेकून त्या उघड्या दाराकडं बघत बसायच्या. खिडकीजवळच्या खाटेवर त्या स्वतः कधी बसल्या नाहीत, आम्हालाही बसू दिलं नाही.

त्या खाटेचा उलगडा त्यांनीच एकदा केला. बंदुकीला तेल लावता लावता, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

बंदूक त्यांच्या थोरल्या भावाची. वडिलांनी त्याला घेऊन दिलेली. एका दुपारी त्यानं बांधावर नेम धरून एक गोळी झाडली, काडतूस आत अडकलं. त्यानं बंदूक त्या खाटेवर ठेवली. बहिणीला म्हणाला, "येरूळला जाऊन येतो. हात लावू नको, आल्यावर काढतो." सायकल काढली आणि गेला.

सायकल वेरूळच्या घाटात सापडली. रस्त्याच्या कडेला, स्टँडवर नीट उभी. कुलूप लावलेली. तो सापडला नाही. दरी बघितली, लेणी बघितली, विहिरी बघितल्या. ना चप्पल, ना टोपी.

"मी हात लावला नाय," बाई म्हणाल्या. "पार पुढचा उन्हाळा आला. एक दिवस दुपारी आपसूक वाटलं, उघडून बघावं. बोल्ट वढला, आलं की हातात. गरम होतं."

"बाई, मे महिन्यात सगळंच गरम असतं," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी आज मी टीव्हीवर भविष्य सांगणाऱ्या पोरांकडं टाकते.

"व्हय गं शहाणे," एवढंच म्हणाल्या.

तर ही शहाणी गप्प बसणारी नव्हती. विज्ञानाची विद्यार्थिनी ना. पुढच्या वेळी काडतूस अडकलं, तांब्या आला, तेव्हा मी बाईंचा डोळा चुकवून खडूनं तांब्याच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेघेवर खूण केली. आम्ही सगळ्या शेडच्या दुसऱ्या टोकाला बसलो. बाकाजवळ कुणी गेलं नाही, मी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. बाईंनी काडतूस काढलं आणि मी तांब्यात डोकावले.

पाणी खुणेच्या बोटभर खाली गेलं होतं.

मैत्रिणींचे चेहरे बघण्यासारखे झाले. मी मात्र त्यांना उभ्या उभ्या बाष्पीभवन समजावून सांगितलं. कोरडी हवा, पृष्ठभाग, तापमान, सगळं. तांब्याचं तोंड केवढं, गेलेलं पाणी केवढं, याचा हिशेब जमत नव्हता. तो मी पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात येईल म्हणून सोडून दिला. घरी गेल्यावर मात्र आईच्या कुशीत झोपले. वय वर्षं वीस. आईला सांगितलं, पंख्याचा वारा लागत नाही.

त्याच सुमारास राज्याच्या संघासाठी निवड चाचणी आपल्याकडंच होणार असं कळलं. आणि त्याच सुमारास मला जालन्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता. पण माझं कॉलेजचं एक वर्ष राहिलं होतं आणि मुलाकडचे थांबायला तयार नव्हते. माझे वडील कोर्टात शिरस्तेदार. त्यांनी निकाल देऊन टाकला. "संघात नाव आलं तर लग्न वर्षभर पुढं. नाही आलं तर वैशाखात अक्षता. मग रडायचं नाही."

म्हणजे माझं अख्खं वर्ष त्या एका नखीच्या टोकाला लटकलं. चाचणीत वेळ मोजून असतो. ऐन वेळी काडतूस आत बसलं आणि बाई तांब्या घेऊन आल्या, की मी जालन्याला.

मी बाईंना सांगितलं, "बाई, नखी बदलू या."

बाई ज्वारी पाखडत होत्या. हात थांबला नाही.

"बंदूक यंदा तूच झाडणार. ठरव तूच. माझ्याकडं बघू नको."

"तुम्हाला चालेल ना?"

"झाडणारी तू. मी नुसती पाणी ठेवणारी."

मी ठरवलं. ठरवायला मला वेळ कुठं लागायचा.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत एक बंदूक दुरुस्त करणारे चाचा होते. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि गिऱ्हाइकाला नवीन काही विकल्याशिवाय सोडायचं नाही असा धर्म. बाई परवाना पिशवीत घेऊन, बंदूक चादरीत गुंडाळून रिक्षात बसल्या, शेजारी मी. चाचांनी बोल्ट काढला, भिंग लावलं, रिकामी काडतुसं घालून घालून काढून बघितली. एकही अडकलं नाही.

"बाई, इसमें खराबी कुछ नै," ते जरा हिरमुसून म्हणाले. "नखून तेज है, घर बी साफ है. फिर बी बोलते तो बदल देतूं, नवा माल आएला है."

बाईंनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. चाचांनी माझ्याकडं बघितलं.

"बदला," मी म्हणाले.

त्यांनी जुनी नखी टाचणीनं उचकटून काढली. नखाएवढा तो तुकडा. ते टोपलीत टाकणार तेवढ्यात बाईंनी हात पुढं केला.

"इसका क्या करते बाई? अब ये किस काम का?" चाचा म्हणाले. मग त्यांनाच राहवलं नाही. "मगर एक बात बोलो. खराबी नै, तो फँसता कायकू?"

"फसत नाय," बाई म्हणाल्या. "थांबतं."

चाचांनी त्यानंतर पैशांबद्दल घासाघीस केली नाही, जी ते सख्ख्या भावाशीही करायचे.

परतताना बाईंनी बांगडीवाल्याकडून काळा दोरा घेतला, नखी त्यात ओवली आणि गळ्यात बांधली. लोकांना तो ताईत वाटायचा. बाईंनी ताईत घातला याचं शाळेत केवढं आश्चर्य.

नवी नखी कामाला वाघ होती. सराव सुरू झाला आणि एकेक काडतूस उडून टणटण बाहेर. बाई मागं उभ्या राहून प्रत्येक वेळी बोल्टकडं बघायच्या. उडालेलं काडतूस जमिनीवर पडलं की नजर दाराकडं जायची. मी बघायची, आणि न बघितल्यासारखं करायची. मला वैशाख दिसत होता.

चाचणी शहराबाहेरच्या मैदानावर झाली. ऊन इतकं की लांबचे कागद पाण्यात ठेवल्यासारखे हलत होते. माझं चांगलं चाललं होतं. इतकं चांगलं की शेजारची पुण्याची मुलगी माझ्याकडं तिरक्या नजरेनं बघायला लागली, आणि मीही त्या नजरेसाठी जरा जास्तच ऐटीत पालथी पडून नेम धरत होते. शेवटच्या फेरीतल्या मोजक्या गोळ्या राहिल्या. मी झाडली. बोल्ट ओढला.

काही आलं नाही.

डोकावून बघितलं. आत पितळेची कड. नवी कोरी नखी, आणि काडतूस घरात.

मी बोल्ट पुन्हा पुढं घातला, ओढला. पुन्हा घातला. हात घामानं निसटायला लागला. घड्याळ चालू. मी हात वर केला. पंचांनी बाईंना खुणेनं बोलावलं. बाई आल्या, हातात काही नाही, तांब्या नाही, गज नाही. माझ्याशेजारी गुडघे टेकून बसल्या. मला वाटलं आता म्हणतील, टेकू दे त्याला. मी रडकुंडीला आले होते. वेण्या, न्यूटन, सगळं त्या मातीत लोळत होतं.

"बाई, सांगा ना त्यांना," मी म्हणाले.

हे मीच म्हणाले. त्यांना. बाष्पीभवनवालीनं.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग गळ्यातला दोरा मुठीत धरला, बंदुकीच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि डोळा लागलेल्या घरच्या माणसाला उठवावं तसं हळूच म्हणाल्या, "दादा, जा आता. पोरीचा येळ चाललाय."

त्या क्षणी माझ्या मानेवरून कुणीतरी उठल्यासारखा वारा गेला. मैदानात वाऱ्याचं नाव नव्हतं. पंचांच्या टेबलावरचे कागदसुद्धा हलले नाहीत. मी बोल्ट ओढला. काडतूस आलं, बाईंच्या तळहातावर पडलं. त्यांनी मूठ मिटली आणि उठून गेल्या.

संघात माझं नाव आलं. सगळ्यात शेवटी, पण आलं. लग्न वर्षभर पुढं गेलं आणि गंमत म्हणजे जालनेकर थांबले. पुढं सगळा संसार त्या थांबण्याचे टोमणे ऐकण्यात गेला. "आमचं पहिलं वर्ष एका बंदुकीनं खाल्लं," असं हे पाहुण्यांना सांगायचे.

त्या दिवसानंतर बाईंची बंदूक कधीच अडकली नाही.

मी आणखी वर्षभर सरावाला जात होते. शेकड्यांनी गोळ्या झाडल्या असतील. प्रत्येक काडतूस उडून बाहेर. बाई तरी पाण्याचा तांब्या रोज भरून ठेवायच्या, काही अडकलेलं नसताना. सराव संपला की उचलून तुळशीला ओतायच्या. मी खूण करायची सवय सोडली नव्हती. तांब्या भरलेलाच असायचा. जणू बाष्पीभवनसुद्धा बंद झालं होतं.

न राहवून मी म्हणाले, "बाई, जुनी नखी परत घालू या."

"आगं, नखीनं कुणी येत नसतंय," बाई म्हणाल्या. "आणि एकदा जा म्हनल्यावर माणसानं का यावं?"

दुपारचं दार मात्र उघडंच राहिलं. खाटेवरही शेवटपर्यंत कुणी बसलं नाही.

बाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. दुपारीच गेल्या, भिंतीला टेकून, तोंड दाराकडं. त्यांनी बंदूक माझ्या नावावर करायची म्हणून लिहून ठेवलं होतं. परवान्यासाठी ज्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले त्याचं वेगळं प्रकरण होईल. बंदुकीबरोबर तो काळा दोराही मला मिळाला.

मी तेव्हा पन्नाशीची, पोरांची आई. तरी औरंगपुऱ्यात गेले. चाचा नव्हते, त्यांचा नातू होता. दुकानाच्या अर्ध्या भागात मोबाइलची कव्हरं. म्हटलं, नवी काढ आणि ही जुनी, कारखान्याची नखी परत बसव.

"आंटी, लोगां पुरानी निकाल के नई डालते. तुम उलटा बोल रहे."

"उलटंच कर बाबा."

त्यानं केलं. मी घरी येऊन बोल्ट ओढून बघितला, आणि स्वतःलाच हसले. त्यानंतर महिन्यातून एकदा दुपारी बंदूक पुसते, तेल लावते. आत काही नसतं. असणार कुठून? घरात एकही गोळी नाही, झाडायला माझे हात स्थिर नाहीत. सून म्हणते, "आई, ती देऊन टाका ना सरकारला. भीती वाटते." मुलगाही मागं लागलाय, यंदा परवाना संपला की बंदूक जमा करून मोकळं व्हायचं. मी हो म्हणत आले होते. खरंच देणार होते. इतकी वर्षं नखी बसवून काही झालं नाही म्हटल्यावर लोखंड कशाला सांभाळायचं?

मग या उन्हाळ्यात निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. दर वेळेस करते. हवालदारानं समोर बोल्ट उघडायला लावला, आत उजेड टाकून बघितलं, "खाली" म्हणाला, चिठ्ठी बांधून, लाख लावून आत नेली. निकाल लागल्यावर मी आणि माझी नात ती आणायला गेलो. रणरणती दुपार, ठाण्यात एकटा तोच हवालदार.

"आज्जी, खाली करून दाखवा, आन् सही करा."

मी बोल्ट उघडला.

आत पितळेची कड चमकत होती.

हवालदार वाकला. मग ताठ झाला. मग पुन्हा वाकला. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम.

"आज्जी, ठेवताना मी सोताच बघितली होती. चिठ्ठी तशीच हाय, तुमच्यासमोर फोडली. कपाटाला कुलूप व्हतं."

"हो रे बाबा. घाबरू नको. तू नाही काही केलेलं."

त्यानं बोल्ट ओढला. काडतूस जागचं हललं नाही. पुन्हा ओढला. "नखी गेली बगा हिची," तो जरा सावरत म्हणाला. त्यालाही तोच शब्द कसा सुचला, मी विचारलं नाही. "बदलून घ्या. साधं काम असतंय."

"आजी, मी ऑनलाइन बघते," नात म्हणाली. ती इंजिनिअरिंगला आहे. तिलाही सगळं कळतं. "झिजलं असेल. नवीन टाकू. नाहीतर पप्पा म्हणतात तसं जमा करून टाक इथंच, परत कशाला न्यायची?"

हवालदारानं आशेनं माझ्याकडं बघितलं. मी काडतुसाच्या कडेला करंगळी लावून बघितली. गरम होतं. उन्हाळ्यात सगळंच गरम असतं म्हणा.

"नखी चांगली आहे," मी म्हणाले. "घरी न्यायची."

रिक्षात नात काडतूस कुठून आलं याची कारणं सांगत होती. चांगली कारणं होती. मी तिच्या वयात याहून चांगली देत असे.

घरी सून निजली होती. मी दाराची कडी काढून दार सताड उघडं ठेवलं. बंदूक खिडकीजवळच्या दिवाणावर आडवी ठेवली, बोल्ट हळूच मिटला. फ्रिजमध्ये बाटल्या होत्या, पण मी माठातलं पाणी घेतलं, तांब्या भरला आणि शेजारी ठेवला.

"आजी, हे काय करतेस?" नातीनं विचारलं.

"गप बस जरा. आमच्या बाई आल्यात लांबून, उन्हातून."

ती हसली. ओढणी नव्हती, म्हणून हात तोंडावर धरून हसली. मग तिनं दप्तरातून मार्कर काढला आणि माझ्याकडं बघत बघत तांब्याकडं निघाली. पाण्याच्या रेघेवर खूण करणार होती. माझंच रक्त.

मी तिचा हात धरला आणि मार्कर काढून घेतला. दोघी भिंतीला टेकून बसलो. बाहेर रस्त्यावर कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळानं नात हळू आवाजात म्हणाली, "आजी, तू तांब्याला हात लावलास का?"

मी नाही म्हणाले.